पिस्तूल एक नग, सुपारीपोटी

थळच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की अलीकडे उंदेरी दिसते आणि तिच्या पलीकडे खांदेरी. १६७९ च्या पावसाळ्यात शिवाजी महाराजांनी खांदेरीवर बांधकाम काढलं, तेव्हा मुंबईच्या इंग्रजांच्या पोटात गोळा आला. पुढचे काही महिने महाराजांच्या आरमाराच्या मायनाक भंडारी आणि दौलतखान यांनी त्यांना याच पाण्यात दमवलं. रसद जायची ती थळवरून. शेवटी इंग्रजांनी तहाची भाषा सुरू केली, तर जंजिऱ्याच्या सिद्दीने उंदेरी बळकावून तिथून गोळे टाकायला घेतले. एवढी दारू ज्या गावाच्या डोळ्यांदेखत उडाली, तिथल्या प्रत्येक घराच्या माळ्यावर काहीतरी ऐतिहासिक निघायलाच हवं, असं माझ्या मामांचं ठाम मत आहे. आमच्या आजोळच्या माळ्यावर पिस्तूल निघालं. मामांच्या मते ते कान्होजी आंग्र्यांच्या कमरेचं.

ते मला दाखवण्यामागचा हेतू शुद्ध व्यापारी होता. नागपूरकर रघूजी भोसल्यांची म्हणून लंडनच्या लिलावात गेलेली तलवार २०२५ मध्ये राज्य सरकारने ४७ लाख १५ हजार रुपयांना मिळवली. ते कात्रण मामांच्या बंडीच्या खिशात होतं. "तू मासिकांत लिहितोस. तुला भाव माहीत असणार," ते म्हणाले. मासिकांत लिहिणाऱ्याला स्वतःच्या मानधनाचा भावसुद्धा माहीत नसतो, पण मामांपुढे हे बोलायची सोय नाही.

पिस्तूल निळं होतं. आकाशी निळं. थळच्या बंदरावर ज्या होड्या डोलतात त्यांतल्या निम्म्या याच रंगाच्या असतात. एका पावसाळ्यात लोखंडाला गंज धरतोय म्हणून मामांनी शेजाऱ्याकडचा उरलेला डबा मागून आणला आणि खिडकीचे गज, पंपाची पेटी व पिस्तूल एकाच बैठकीत रंगवून काढलं. त्यावर ठिकठिकाणी सोनेरी शिंतोडे होते. मामेभावाने गणपतीच्या आराशीत खांदेरीची लढाई केली होती, त्यात हे मायनाक भंडारींच्या हातात दिलं होतं. दस्त्याचं मूळ लाकूड वाळवीने खाल्लं, तेव्हा आजोबांनी मोडक्या शिसवी पाळण्याचा पाय कापून नवा दस्ता बसवला. आईसह पाच भावंडं ज्या पाळण्यात वाढली, त्याचा तो पाय. आणि पणजोबांनी नळीत शिसं ओतून ती कायमची बंद करून टाकली होती. १८७८ च्या हत्यार कायद्यानंतर साहेबाच्या शिपायाला दाखवण्यासाठी म्हणे. आज घरात सर्वांत दूरदृष्टीचा माणूस कोण विचाराल, तर मी पणजोबांचं नाव घेईन.

चापाजवळचा रंग मी नखाने खरवडला. खाली बदामाचा आकार, त्यात चार खणांत इंग्रजी अक्षरं आणि साल १७९६. ती ईस्ट इंडिया कंपनीची खूण.

"मामा, कान्होजी १७२९ मध्ये वारले."

मामा क्षणभर समुद्राकडे बघत राहिले. "मग पुढच्या आंग्र्यांचं असेल. अलिबागला १८४० पर्यंत त्यांचंच राज्य होतं. कंपनीच्या माणसाकडून हिसकावलेलं!"

यावर बोलायला जागा नव्हती. हत्यारावर शत्रूचं नाव सापडलं की ते आपलंच असल्याचा पुरावा आणखी भक्कम होतो.

खरी पंचाईत पुढे होती. पिस्तूल मुळात चकमकीचं. चाप ओढला की घोड्यातली गारगोटी पोलादावर आपटणार, ठिणगी रंजकात पडणार, मग आतला बार उडणार. फोर्साइथ नावाच्या एका स्कॉटिश पाद्र्याला पक्षी मारायचा नाद होता. रंजकाचा भडका दिसताच पक्षी उडून जायचे, म्हणून त्याने ठोका बसताच पेटणारी दारू बंदुकीत वापरायची युक्ती काढून १८०७ मध्ये तिचं पेटंट घेतलं. त्यातूनच पुढे असली दारू भरलेल्या टोपीवर चालणारी टोपीची बंदूक आली आणि जगभरच्या लोहारांनी जुनी चकमकीची हत्यारं टोपीची करून दिली. आमच्याही पिस्तुलाची रंजकाची वाटी कोणीतरी काढून टोपीची सोय केली होती. त्या काळी हे नवंकोरं झाल्यासारखं होतं. आता विलायतेतले शौकीन अशा पिस्तुलाकडे नाक मुरडतात. त्यांना मूळ चकमक हवी. त्यामुळे तिकडे काही कारागीर टोपीवाली पुन्हा चकमकीची करून खपवतात, आणि ते ओळखणारे तज्ज्ञ वेगळी फी घेतात.

हे सांगायला नको होतं. मामांचे डोळे लकाकले. बंदरावर होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा एक मेस्त्री त्यांच्या ओळखीचा आहे.

मग मी कायद्याची बाजू मांडली. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पंचेचाळीसावं कलम आहे. जुनाट वा पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं हत्यार दुरुस्त करूनही बार उडवण्याच्या लायकीचं होणार नसेल, तर कायदा त्याच्या वाटेला जात नाही. बार उडणार असेल तर परवाना हवा, आणि विकत घेणाऱ्याकडेही हवा. याचं उलट टोकही आपल्याकडेच आहे. ऐंशीच्या दशकात परदेशी हत्यारांची आयात सामान्यांना बंद झाली, तेव्हापासून परवान्यावरचं जुनं विलायती रिव्हॉल्व्हर लाखांच्या भावात जातं. तसलंच अमेरिकेत माणूस मासळीच्या भावात घेऊन जाईल. म्हणजे भाव आहे तो चालणाऱ्या पिस्तुलाला आणि सुटका आहे ती न चालणाऱ्याला.

मामांना दोन्ही हवं होतं. गिऱ्हाईक आलं की बार उडणार आणि हवालदार आला की नाही.

"न्यू जर्सीला तुझा मावसभाऊ आहे. त्याच्याकडून तिकडे विकू."

शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या कायद्याने सरकारशिवाय कोणालाच देशाबाहेर नेता येत नाही, हे ऐकून मामांनी सुपारी कातरायला घेतली. कायद्यावर ते नेहमी सुपारी कातरतात.

पण ते हरलेले नव्हते. कात्रण पुन्हा बाहेर आलं. रघूजींच्या तलवारीचं पातं युरोपीय घडणीचं, मूठ मात्र मुल्हेरी. "बघ! पातं फिरंगी, मूठ आपली. म्हणजे फेरफार चालतो. आपलीही नळी फिरंगी आणि दस्ता आपल्या पाळण्याचा!"

युक्तिवाद देखणा होता, हे मान्य करायला हवं. मी म्हटलं, त्या पात्यावर सोन्याने नाव कोरलंय, मालक कोण हे त्या तलवारीनेच सांगितलंय.

"नाव आपणही घालू. होड्यांवर नावं रंगवणारा आहे ना."

एवढ्यात मामी आतून आल्या. एका हातात माशांचं कालवण ढवळायचा डाव, दुसऱ्या हातात पणजोबांची खातेवही. वही मामांनी दडवली होती आणि मामींना दडवलेलं सगळं सापडतं. पिवळ्या पानावर पणजोबांच्या मोडीत एका शेटजींची थकबाकी मांडलेली, आणि तिच्याखाली एक ओळ. मोडी मला जेमतेम लागते, तरी लागली: पिस्तूल एक नग, सुपारीपोटी जमा.

"शेटजींनी रोकड दिली नाही, हे ठोकळं दिलं," मामी म्हणाल्या. "सासूबाई जन्मभर बोलायच्या. दीड मण सुपारी होती. तीही रोठा जातीची!"

म्हणजे ही फेरविक्री. आणि आमच्या पिस्तुलाची आजवरची एकमेव खरी, कागदावरची किंमत दीड मण सुपारी. माझ्या मते पुरावा असावा तर असा. मामांच्या मते तो कागद गिऱ्हाइकाला दाखवायचं कारण नव्हतं. मामींच्या मते पिस्तुलाची खरी जागा मागच्या दाराशी होती, कारण त्या दाराची कडी सैल आहे आणि वाऱ्याला अडवायला त्याच्याइतकं बरोबर वजन घरात दुसरं नाही.

कालवण, भात आणि पांढरा कांदा झाल्यावर मामांनी अखेरचा आकडा ठरवला आणि मला कागदावर सुवाच्य अक्षरात लिहायला लावला. सत्तेचाळीस लाख. वरचे पंधरा हजार त्यांनी आपणहून सोडले, होडीचा रंग दिलाय म्हणून.