लाइटसेबर घेताय? आधी टॅग बघा

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे ज्याला पाठ आहे, त्याला जागतिक बाजारपेठेची वेगळी ओळख करून द्यायला नको. तरीही विज्ञानपटांतल्या हत्यारांच्या अधिकृत प्रतिकृती हा व्यवहार जिल्ह्यात अजून म्हणावा तसा रुजलेला नाही. इच्छुकांच्या सोयीसाठी हे मार्गदर्शन.

आधी माल ओळखायला शिकावं. फेब्रुवारीत सय्यद शाह तुराबुल हक यांच्या उरुसात बटण दाबलं की लाल-निळी पेटणारी प्लॅस्टिकची तलवार शे-दीडशेला मिळते. रेटून घासाघीस केली तर आणखी उतरते. हिला लाइटसेबर, म्हणजे ‘स्टार वॉर्स’ सिनेमातली प्रकाशाची तलवार, म्हणू नये. हॅस्ब्रो कंपनीची ‘फोर्स एफएक्स एलिट’ अमेरिकेत अडीचशे डॉलरच्या वर जाते, म्हणजे वीस हजारांच्या पुढे. तीही बटण दाबलं की पेटते. मूठ धातूची, आवाज थेट सिनेमातला, पातं मुठीपासून टोकाकडे उजळत जातं, हे सगळं खरं. पण बाकीचे पैसे कशाचे, असा प्रश्न घरातून येणारच. उत्तर तयार ठेवावं : परवान्याचे.

परभणीकराला हे समजायला जड जाऊ नये. इथलं कृषी विद्यापीठ 18 मे 1972 चं. दरवर्षी त्याच सुमारास तिथे खरिपाच्या बियाण्यासाठी शेतकरी रांगा लावतात. सोयाबीनचा दाणा शेजाऱ्याच्या घरातही तसाच दिसतो; रांग असते ती पिशवीला शिवलेल्या टॅगसाठी. पैदासकार बियाण्याला सोनेरी पिवळा, पायाभूतला पांढरा, प्रमाणितला निळा. प्रतिकृतींच्या बाजारातही अशीच उतरंड आहे. सगळ्यात वर चित्रीकरणात वापरलेली वस्तू, तिच्याखाली मोजक्या संख्येत काढलेली क्रमांकाची आवृत्ती, त्याखाली दुकानात सहज मिळणारा परवानाधारक माल. उरुसातली तलवार बिनटॅगची. पेरली तर उगवते, पण हमी कोणाची नाही.

मूळ वस्तूच्या मात्र फार खोलात जाऊ नये, श्रद्धेला तडा जातो. ‘स्टार वॉर्स’चा सेट सजवणाऱ्या रॉजर ख्रिश्चनला लंडनमधल्या फोटोग्राफीच्या दुकानात ग्राफ्लेक्स कंपनीच्या जुन्या फ्लॅशगनच्या दांड्या सापडल्या. त्याने एका दांडीला रबराच्या पट्ट्या चिकटवल्या, कॅल्क्युलेटरच्या आकड्यांवरची भिंगाची पट्टी बसवली, आणि ल्यूक स्कायवॉकरची तलवार तयार! शुद्ध जुगाड. पुढे चाहत्यांनी त्या दांड्याच विकत घ्यायला सुरुवात केल्यावर त्यांचे भाव चढले, आणि जुन्या कॅमेऱ्यांचे शौकीन हळहळत बसले. तेव्हा ज्यांच्या आजोबांचा फोटो स्टुडिओ होता, त्यांनी माळा एकदा बघून घ्यावा.

माळा आवरण्याचं शास्त्रीय समर्थनही उपलब्ध आहे. हॉलिवूडचा मॉडेलकार ग्रेग जीन 2022 मध्ये वारला. त्याच्या गॅरेजमधल्या एका खोक्यात पहिल्या ‘स्टार वॉर्स’मधल्या एक्स-विंग यानाचं मॉडेल निघालं. ऑक्टोबर 2023 मध्ये ते लिलावात 31 लाख डॉलरच्या वर गेलं, म्हणजे सुमारे 26 कोटी रुपयांना. जिल्ह्यातल्या कोणत्याही गृहिणीने ते खोकं दिवाळीच्या साफसफाईतच निकालात काढलं असतं.

आता परवान्याची दुसरी बाजू. ‘स्टार वॉर्स’मधल्या स्टॉर्मट्रूपर सैनिकांची मूळ शिरस्त्राणं बनवणाऱ्या अँड्र्यू एन्सवर्थने पुढे त्यांच्या प्रतिकृती विकायला काढल्या, तेव्हा सिनेमाची निर्माती कंपनी लुकासफिल्म त्याच्याविरुद्ध कोर्टात गेली. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये ठरवलं की शिरस्त्राण हे शिल्प नव्हे, त्यामुळे शिल्पाला मिळणारं कॉपीराइटचं दीर्घ संरक्षण त्याला नाही. एन्सवर्थचा धंदा ब्रिटनमध्ये चालू राहिला. अमेरिकेतल्या कोर्टाने मात्र आधीच त्याच्यावर 2 कोटी डॉलरचा निकाल दिला होता. एकच डोकं, एकच टोप, दोन देशांत दोन कायदे. परभणीत कोणता चालेल, हे वकिलाला विचारावं. फी तलवारीपेक्षा जास्त पडेल.

परदेशातून मागवणाऱ्याने कस्टमचाही विचार करावा. खेळण्यांवरचं मूळ आयातशुल्क फेब्रुवारी 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 झालं, 2023 मध्ये 70. शिवाय 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय खूण सक्तीची आहे. खोक्यावर ‘वय 14 व पुढे’ असं छापलेलं असतं, ते चाळिशीतल्या ग्राहकाने घरच्यांना आवर्जून दाखवावं.

ज्यांना खरेदीपेक्षा उत्पादनात रस आहे, त्यांनी देशी मालाकडे वळावं. ‘स्टार वॉर्स’ 25 मे 1977 ला आला आणि बरोबर 10 वर्षांनी, 25 मे 1987 ला, ‘मिस्टर इंडिया’. मनगटावरच्या यंत्राने माणूस गायब होतो आणि फक्त लाल प्रकाशात दिसतो. निर्मात्याकडून रीतसर परवाना घ्यावा, 500 च नग काढावेत, प्रत्येकावर क्रमांक कोरावा, आणि 501 वा मागायला येणाऱ्याला ‘संपले’ म्हणून परत पाठवावं. दुसऱ्या दिवशी तो दुप्पट भाव घेऊन येतो. यंत्र चालत नाही म्हणून कोणी दुकानात येऊन तक्रार केलीच, तर ‘दुकानातला बल्ब लाल आहे, बाहेर जाऊन बघा’ असं सांगावं.