जाड तेल, पातळ अ‍ॅव्हरेज

गाडी कुठलीही घ्या, नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला: अ‍ॅव्हरेज किती देते? मालकही दोन किलोमीटर वाढवूनच सांगतो. आता त्यालाच विचारा, इंजिनात ऑइल कुठल्या ग्रेडचं आहे? उत्तर येतं, ‘चांगलंय. गॅरेजवाला आपल्या ओळखीचाय.’

या ओळखीच्या गॅरेजवाल्याची तपासणी बघण्यासारखी असते. बॉनेट उघडून तो ऑइलची पट्टी ओढतो. टोकाचा थेंब अंगठ्यावर घेतो, तर्जनीने चोळतो, बोटं सावकाश फाकवून तार येते का ते बघतो. तार येत नाही. गाडी आत्ताच पाच किलोमीटर पळून आलेली असते, तार येणार कुठून? मग निदान होतं: ‘साहेब, पार पाणी झालंय. जाड टाकतो. इंजिन मख्खन चालेल.’ मागच्या पिंपातून २०डब्ल्यू-५० येतं, मधासारखं संथ ओघळतं आणि साहेबांच्या चेहऱ्यावर पैसे वसूल झाल्याचं समाधान पसरतं.

बोटांनी चिकटपणा मोजायला हरकत नाही. फक्त बोटाचं तापमान पस्तिसेक अंश असतं आणि चालत्या इंजिनात ऑइल शंभरच्या आसपास असतं. क्रँकच्या बेअरिंगमध्ये त्याचा जो थर उरतो तो मायक्रॉनमध्ये मोजावा लागतो. तिथे ते काय करतं हे बघायला प्रयोगशाळेत १५० अंशांवर, प्रचंड वेगाने घुसळून चाचणी घेतात. आपल्याकडे तीच चाचणी नाक्यावर, एका चिमटीत, फुकट होते.

त्या आकड्यांचं कोडं फार अवघड नाही. डब्ल्यू लावलेला पहिला आकडा थंडीतला. २०डब्ल्यूची परीक्षा उणे १५ अंशांवर घेतात, ०डब्ल्यूची उणे ३५ वर. दुसरा आकडा तापलेल्या इंजिनातला. महाबळेश्वरला वेण्णा लेकवर दवबिंदू गोठल्याचे फोटो दर हिवाळ्यात छापून येतात, पण उणे पंधरा अजून कुणी छापलेलं नाही. तेव्हा पहिला आकडा युरोपवाल्यांचा, आपल्याला काय त्याचं, असं आपण परस्पर ठरवून टाकलंय.

घोटाळा इथेच आहे. ४० अंशांवर, म्हणजे विदर्भातल्या उन्हाळी दुपारी गाडी नुसती उभी असताना, ०डब्ल्यू-१६चा चिकटपणा साधारण पस्तीस सेंटीस्टोक असतो, ५डब्ल्यू-३०चा साठ-पासष्ट आणि २०डब्ल्यू-५०चा दीडशेच्या वर. चौपटीहून जास्त! शंभर अंशांवर हाच फरक सात आणि अठरा असा उरतो. म्हणजे जाड ऑइल सगळ्यात जास्त ओढ घेतं ते इंजिन तापायच्या आधी. आणि आपल्या गाड्या तापतात कधी? घर ते शाळा, शाळा ते मंडई, मंडईतून परत. पाण्याचा काटा मधोमध येऊन बसतो म्हणून आपण निर्धास्त, पण ऑइल त्याच्या बरंच मागून तापतं. ते धड गरम व्हायच्या आत आपण पार्किंगमध्ये रिव्हर्स घेत असतो. पंपाने ते जाड ऑइल ढकलायचं, क्रँकने त्यातून फिरायचं, पिस्टननी त्यातून सरकायचं, आणि या सगळ्याचं बिल पेट्रोलच्या टाकीवर.

बिल केवढं? अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा सल्ला असा आहे की, ५डब्ल्यू-३०साठी बनवलेल्या इंजिनात १०डब्ल्यू-३० घातलं तर अ‍ॅव्हरेज एक ते दोन टक्क्यांनी उतरू शकतं. म्हणजे फक्त एक पायरी चुकली तर. आपल्याकडे पायऱ्या मोजायची पद्धत नाही. मारुतीच्या अलीकडच्या कित्येक पेट्रोल गाड्यांच्या पुस्तकात ०डब्ल्यू-१६ लिहिलेलं असताना त्यात २०डब्ल्यू-५० ओतणारा थेट गच्चीवर जातो. पण आपण एकच पायरी धरू. वर्षाला बारा हजार किलोमीटर, लिटरला वीस. सहाशे लिटर झाले. त्याचे एक ते दोन टक्के म्हणजे सहा ते बारा लिटर. शंभराच्या वरच्या भावाने सहाशे ते बाराशे रुपये. पिंपातलं ऑइल घेऊन डब्यामागे जे काहीशे वाचवले ते असे हप्त्याहप्त्याने पंपावर भरायचे. पंप अर्थातच त्याची पावती वेगळी देत नाही.

मग पातळच चांगलं का? तर तसंही नाही. रिचर्ड स्ट्रिबेक नावाच्या जर्मन गृहस्थाने १९०२च्या सुमारास बेअरिंगचं घर्षण मोजून दाखवलं होतं. तेल फार जाड असलं की तेलच ओढ घेतं. ते पातळ करत गेलं की घर्षण उतरत जातं आणि एका टोकाला थर इतका विरतो की धातूला धातू लागतो. तिथून घर्षण झपकन वर चढतं. या दोन टोकांच्या मधला सखल भाग प्रत्येक इंजिनाला वेगळ्या जागी सापडतो. बेअरिंगमधली फट किती, पंप केवढा, भार किती, यावर ते ठरतं. नव्या इंजिनांत तर व्हॉल्व्ह कधी उघडायचा याची वेळही बऱ्याचदा ऑइलच्या दाबाने हलवतात. तिथे २०डब्ल्यू-५० पोचेपर्यंत व्हॉल्व्हने वाट बघायची.

पद्मिनी आणि अ‍ॅम्बेसेडरच्या जमान्यात जाड ऑइलच चालायचं आणि ते बरोबरच होतं. त्या इंजिनांच्या फटी मोठ्या होत्या. गाड्या भंगारात गेल्या, पण तो सल्ला अजून पासिंग न करता रस्त्यावर आहे.

कंपन्याही काही आपल्या अ‍ॅव्हरेजच्या काळजीने रात्र रात्र जागत नाहीत. भारतात २०१७-१८ पासून प्रत्येक कंपनीच्या सगळ्या मोटारींची सरासरी काढून कार्बन डायऑक्साइडला मर्यादा घातली: किलोमीटरला सुमारे १३० ग्रॅम. २०२२-२३ पासून ती ११३ वर आली. तुमच्या खिशातला एक टक्का हा चहापाण्याचा खर्च असतो, पण लाखो गाड्यांवर पसरलेला तोच टक्का कंपनीला नियमात बसवतो. अमेरिकेत फोर्ड आणि होंडा २००१ च्या मॉडेलांपासून ५डब्ल्यू-२० कडे वळल्या, त्यामागेही तिथल्या सरासरीचं गणित होतंच. गंमत म्हणजे त्याच फोर्डच्या मस्टँगमध्ये पाच लिटरच्या रस्त्यावरच्या इंजिनाला ५डब्ल्यू-२० आणि शर्यतीच्या ट्रॅकसाठी तयार केलेल्या बॉस ३०२ ला ५डब्ल्यू-५०. तेव्हा जाड ऑइलला जागा आहे. फक्त ती जागा पुण्याच्या कर्वे रोडवर, दुसऱ्या गिअरमध्ये, पीएमपीच्या बसमागे नाही.

मोबाईलवर व्हिडिओ बघून अठरा वर्षांच्या गाडीत ०डब्ल्यू-१६ ओतणारे आता निघालेत, ते याच चुकीचे दुसऱ्या बाजूचे वारकरी. रिंगा झिजलेल्या, धूर मारणाऱ्या इंजिनात ते ऑइल टिकत नाही. अ‍ॅव्हरेज वाढायचं राहतं बाजूला, दर महिन्याला लिटरभर टॉपअप चालू होतं. बाइकवाल्यांनी तर गाडीचं उरलेलं ऑइल बाइकमध्ये ओतायचा मोह टाळलेलाच बरा. बहुतेक बाइकचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. घर्षण कमी करणारी द्रव्यं घातलेल्या ऑइलने तो घसरायला लागतो.

जाड ऑइलचा खरा चाहता वेगळाच आहे: जुन्या गाड्यांचा एजंट. टॅपेट वाजतायत, इंजिन धूर मारतंय? गिऱ्हाईक यायच्या आदल्या संध्याकाळी जाड ऑइल ओता. आवाज दबतो, धूर कमी दिसतो, ‘सिंगल ओनर, डॉक्टरांची गाडी’ शांतपणे धडधडते. महिन्याभराने टॅपेट आपलं म्हणणं पुन्हा मांडायला लागतात. तोवर आरसी बुक नव्या नावावर झालेलं असतं.

आणि ज्यांना एक-दोन टक्के खरोखर वाचवायचेत त्यांच्यासाठी आणखी एक हिशेब. फिनलंड आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१२ मध्ये मांडलं की, मोटारीत जाळलेल्या इंधनातली जवळजवळ एक तृतीयांश ऊर्जा घर्षणात जाते आणि त्यात टायरचा वाटा साधारण इंजिनाइतकाच असतो. टायरमध्ये हवा किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेलं असतं. पंपावर हवा फुकट. पोऱ्या नळी घेऊन वाकतो, विचारतो, ‘किती टाकू?’ आणि नुकतंच तीन हजाराचं सिंथेटिक ऑइल भरून आलेले साहेब काच चार बोटं खाली करून म्हणतात, ‘टाक की नेहमीची.’