बैलाला बक्षीस, पोरीला प्रमाणपत्र

चैत्र लागला की जुन्नर-आंबेगावातल्या यात्रा कमिट्या पैसे मोजायला बसतात. नारायणगावच्या राहुटीत तमाशाची सुपारी ठरते. बैलगाड्याच्या घाटात पहिल्या नंबरात आलेल्या बारीला दुचाकी मिळते. आखाड्यात शेवटच्या कुस्तीच्या इनामाचा आकडा माइकवरून पुकारला जातो.

कुणाचीच हरकत नसते. असूही नये.

मग कॉलेजकडून कबड्डी खेळणाऱ्या पोरीला महिन्याला चार पैसे द्या म्हटलं, की खेळाचं पावित्र्य आडवं का येतं?

बैलगाडा शर्यतींसाठी आपण सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडलो आणि 18 मे 2023 ला जिंकलो. त्याच्या आदल्या वर्षी चिखलीच्या घाटात पहिलं बक्षीस जेसीबीचं होतं. चिकाटी आहे, पैसाही आहे. कॉलेजच्या खेळाडूंसाठी तहसील कचेरीपर्यंत तरी कुणी गेलंय?

भीमाशंकरच्या वाटेवरच्या एखाद्या वाडीतून घोडेगावला कॉलेजात येणारी मुलगी डोळ्यांपुढे आणा. सराव साडेचारला, वाडीची शेवटची एसटी पाचला. दोन-चार चढाया झाल्या की बूट पिशवीत कोंबून स्टँडकडे पळायचं. डब्यात भाकरी आणि ठेचा. सर सांगतात, दूध पी, अंडी खा.

कुणाच्या पैशाने?

हिरड्याच्या हंगामात ती रानात गेली तर सरावाला दांडी लागते. पण हिरडा विकला की हातात पैसे येतात. चढाई करून येत नाहीत.

जिंकली तर? ट्रॅकसूट, प्रवासभत्ता, प्रमाणपत्र. आणि पुढच्या जूनमध्ये प्रवेशाच्या फ्लेक्सवर तिचा हसरा फोटो. त्या फोटोवर कॉलेज नवे विद्यार्थी मिळवतं. याला काम म्हणायचं नाही, तर काय म्हणायचं?

सवलतीचे गुण मिळतात, सरकारी नोकरीत 5 टक्के आरक्षण आहे, असं सांगितलं जातं. आहेच. पण त्याच आरक्षणासाठी राज्यात बोगस क्रीडा प्रमाणपत्रांचा बाजार भरला. खेळणारी उपाशी राहिली आणि न खेळणाऱ्यांनी कागद विकत घेतला.

खाशाबा जाधवांची गोष्ट आपण सत्तर वर्षं भाषणांत सांगतोय. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून 7 हजार रुपये दिले. खर्डेकरांपुढे हात जोडावेत तेवढे थोडे. पण एका प्राचार्याला घर गहाण टाकावं लागलं, याची लाज किती भाषणांत ऐकलीत?

शेजारच्या खेड तालुक्यातल्या शिवराज राक्षेला 2023 च्या महाराष्ट्र केसरीत गदा, थार गाडी आणि 5 लाख मिळाले. मिळायलाच हवेत. मात्र गदा उचलण्याआधी पैलवानाला वर्षानुवर्षं खुराक लागतो, तो घरच्यांच्या खिशातून जातो. खेलो इंडियात निवड झालेल्याला महिन्याला 10 हजार मिळतात, म्हणजे सरकारला तत्त्व मान्य आहे. निवड होईपर्यंत पोट कुणी भरायचं?

पैसे दिले की अभ्यास बुडतो, म्हणे. अमेरिकेतली कॉलेजं हेच पिढ्यान्‌पिढ्या सांगत होती. कोर्टकज्ज्यात टिकलं नाही. जुलै 2025 पासून तिथलं विद्यापीठ थेट खेळाडूंना पैसे देऊ शकतं; पहिल्या वर्षासाठी एकेका विद्यापीठाची मर्यादा 2 कोटी 5 लाख डॉलर ठरली. त्यातला मोठा वाटा फुटबॉल आणि बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलांकडे जातो, मुलींच्या वाट्याला उरलंसुरलं. ती नक्कल नकोच. इथे द्यायचं तर कुस्तीतल्या पोराला आणि कबड्डीतल्या पोरीला सारखंच द्या.

आणि फार मागणंही नाही. महिन्याचा खुराक. एसटी चुकली तर घरी सोडायची सोय. गुडघ्याचा विमा. आज पकडीत लिगामेंट तुटलं की दवाखान्याचं बिल बापाच्या नावावर फाटतं. सामना कॉलेजचा, जर्सी कॉलेजची, गुडघा तेवढा तिचा?

पैसे कुठून आणायचे, हे विचारण्याआधी फीच्या पावतीतली क्रीडा शुल्काची ओळ वाचा. ते वर्षाला किती जमलं आणि त्यातलं मैदानावर किती पोचलं, याचा हिशेब येत्या जूनमध्ये प्रत्येक कॉलेजने नोटीस बोर्डावर लावावा. फ्लेक्सच्या आधी.