चुण्यांचा थाट

ग्रीक शिल्पकारांनी अंगावरचं वस्त्र संगमरवरात असं कोरलं, की दगडालाच चुण्या पडल्यात असं वाटावं. दोन हजारांहून अधिक वर्षांनी फ्रेंच मंडळींनी त्या दगडी चुण्या पाहिल्या आणि पुन्हा कापडात शिवून पलंगांवर, खिडक्यांवर, भिंतींवर सोडल्या. तेवढ्याने हौस भागेना, म्हणून त्याच चुण्या लाकडात कोरून वर सोनेरी मुलामा चढवून घेतला. फर्निचर बसायसाठी असतं, हा आपला भाबडा समज असावा.

झाक-लुई दाविदने १८०० साली काढलेलं मादाम रेकामिएचं चित्र पाहा. खोलीत जवळजवळ काहीच नाही. एक दिवाण, चढायला छोटी पायरी आणि उंच दांड्याचा दिवा. बाईसाहेब पांढऱ्या पायघोळ झग्यात रेललेल्या, पाय अनवाणी, मान वळवून आपल्याकडे बघतायत. पाठीशी चक्क दोन लोड! म्हणजे बैठकीची अक्कल त्यांनाही होती. फक्त मांडी घालायचं सुचलं नाही. चित्र अपुरंच राहिलं, पण त्या घाटाच्या दिवाणाला बाईंचं नाव कायमचं चिकटलं. त्यावर आरामात पहुडलेलं कुणी मी तरी पाहिलेलं नाही. त्यावर फक्त दिसायचं असतं.

नेपोलियनची तऱ्हा आणखी वेगळी. पॅरिसजवळच्या माल्मेझाँच्या घरात पेर्सिए आणि फोंतेन या वास्तुकारांनी त्याच वर्षी त्याच्या मसलतीची खोली सजवली, ती थेट लष्करी तंबूसारखी. पट्ट्यापट्ट्यांचं कापड भाल्यांवर ताणलेलं. लढाईवरून घरी आलेला माणूस पुन्हा तंबूतच बसणार! काम उरकलं दहा दिवसांत. आपल्याकडे तेवढ्यात सुतार माप घेऊन जातो आणि फोन उचलायचा बंद होतो. त्याच्याशी घटस्फोट झाल्यावर त्याची बायको जोसेफिन हिनेही १८१२ मध्ये आपलं शयनगृह लाल तंबूसारखं करून घेतलं. नवरा गेला, तंबू राहिला.

या साऱ्या थाटात मला खरी आवडते ती ग्रीकांची क्लिस्मॉस खुर्ची. पाठीला कवेत घेणारी वळणदार पट्टी, तलवारीसारखे बाहेर वाकलेले पाय. कापडाचा सोस नाही, झालर नाही. जाता-येता करंगळी त्या पायांवर आपटणार, एवढाच काय तो दोष.

तरीही एखाद्याला घरी चुण्यांचाच थाट हवा असेल, तर त्याला कोण अडवणार? मात्र कापड निदान रुंदीच्या दुप्पट घ्यायचं. काटकसर केली, की चुण्यांऐवजी ताणलेली चादर दिसते. कापड अंगचंच जड हवं, नाहीतर पंखा लावला की सगळा ग्रीस उडायला लागतो. आणि शिंप्याला एवढं बजावून सांगा: झालर सुटी ठेव बाबा, काढून धुता आली पाहिजे.