परत लाव

सिनेमातला माणूस तारेला बांधून उडवलाय की स्वतःच्या पायांनी उडालाय, हे मला बघताक्षणी कळतं. कंबर आधी वर गेली की समजावं, तार आहे. पाय आधी सुटले तर माणूस खरा. हे ज्ञान मी कुणी न विचारता वाटत असतो. आमच्याकडे आलेल्या पाहुण्याला चहा आणि हे ज्ञान अशा दोन गोष्टी मिळतात. त्यातल्या चहाला नको म्हणता येतं.

भाच्यानं मोठ्या हौसेनं एखादा नवा सिनेमा लावावा, त्यात नायकानं एका हातानं ट्रक उचलावा आणि मी सोफ्यावरून फक्त "हिरवा पडदा" एवढंच म्हणावं, यातलं सुख मला पुरणपोळीतही मिळत नाही. भाचा म्हणतो, "मामा, तो हिरवा पडदा आहे हे सगळ्यांनाच माहितीये." असेल. पण ते मोठ्यानं म्हणायला कुणीतरी लागतं.

माझी माणसं निराळी. हाँगकाँगचा जॅकी चॅन, थायलंडचा टोनी जा, इंडोनेशियाचा इको उवाइस. यांचे सिनेमे मी त्यांच्या त्यांच्या भाषेत बघतो. "डब केलेलं मला चालत नाही" हे वाक्य मी ज्या सुरात म्हणतो, त्या सुरात काही लोक "आम्ही पिशवीतलं दूध घेत नाही" म्हणतात. मला कँटोनीज येत नाही. थाई तर ऐकतानाही मी कुठला शब्द संपला आणि कुठला सुरू झाला ते सांगू शकणार नाही. पण तत्त्व म्हणजे तत्त्व. ते तत्त्व वीसेक वर्षं सांभाळल्यावर एके दिवशी वाचनात आलं, की त्या काळी हाँगकाँगमध्ये शूटिंगच्या वेळी आवाज रेकॉर्डच करत नसत. संवाद, ठोसे, काचा फुटणं, सगळं नंतर स्टुडिओत बसून भरायचे. म्हणजे अस्सल कँटोनीज म्हणून मी जे भक्तिभावानं ऐकत होतो, तेही डबच. त्या सिनेमांत मूळ म्हणावं असं एकच होतं. पडणं.

ते मात्र शंभर नंबरी. जॅकी सातव्या वर्षी पेकिंग ऑपेराच्या शाळेत दाखल झाला आणि दहा वर्षं तिथं राहिला. कोलांट्या, हातांवर उभं राहणं आणि गुरुजींची छडी, असा अभ्यासक्रम. १९८३ च्या 'प्रोजेक्ट ए'मध्ये तो घड्याळाच्या मनोऱ्याला लोंबकळतो, हात सुटतो, खालचे दोन कापडी मांडव फाडत जमिनीवर येतो. 'आर्मर ऑफ गॉड'च्या वेळी युगोस्लाव्हियात भिंतीवरून झाडावर उडी होती. पहिला टेक चांगला झाला होता. पण साहेबांना आणखी चांगला हवा होता. दुसऱ्या टेकला खाली दगडावर डोकं आपटलं, कवटी फुटली, उजव्या कानाचं ऐकणं कमी झालं. पुढचं चित्रीकरण बऱ्याच दिवसांनी झालं, म्हणून त्या सिनेमात सुरुवातीला त्याचे केस बारीक आहेत आणि नंतर एकदम वाढलेले. 'रंबल इन द ब्राँक्स'मध्ये घोटा मोडला, तर प्लास्टरवर बुटासारखा रंगवलेला मोजा चढवून गडी कामावर हजर. ते ब्राँक्स तरी कुठलं, शूटिंग व्हँकुव्हरला. न्यूयॉर्कच्या मागे चक्क डोंगर दिसतात. मी डोंगर माफ केले. घोटा खरा होता.

कथानकाचं म्हणाल, तर या सिनेमांना ते चहाच्या बशीइतकं पुरतं. टोनी जाच्या एका सिनेमात गावातल्या मूर्तीचं डोकं चोरीला जातं, दुसऱ्यात हत्ती. तो हत्ती शोधत गडी थेट सिडनीला पोचतो आणि भेटेल त्याला "माझा हत्ती कुठंय" विचारत बडवत सुटतो. नांदणीच्या माधुरी हत्तिणीसाठी अख्खा कोल्हापूर जिल्हा रस्त्यावर उतरलेला पाहिल्यापासून मला हे कथानक अजिबात अतर्क्य वाटत नाही. शिवाय त्यातच तो जिन्याचा प्रसंग आहे, जवळजवळ चार मिनिटांचा, मध्ये कुठंही न कापलेला. मजल्यामागून मजले चढत तो माणसं खाली टाकत जातो आणि शेवटी त्याला जी धाप लागलेली दिसते, ती मला आमच्या सोसायटीची लिफ्ट बंद असताना लागते.

या सिनेमांची एक सवय लोकांना खटकते. मोठी उडी असली की ती तीनदा दाखवतात. समोरून, बाजूनं, वरून. भाचा म्हणतो, हे काय, एकदा कळलं की. त्याला माझे धाकटे मामा भेटायला हवे होते.

धाकटे मामा बाहत्तरच्या दुष्काळात विहिरीत पडले. गाव माण तालुक्यातलं, विहीर कोरडी. पाणी असतं तर बुडाले असते, पोहता येत नव्हतं. पाणी नव्हतं म्हणून नुसता पाय मोडला. दुष्काळामुळे वाचलेला पंचक्रोशीतला हा एकमेव माणूस. ही हकिगत ते दर मे महिन्यात आम्हाला सांगत आणि दर वेळी तीनदा सांगत. पहिल्यांदा काठावरून: दोर कसा निसटला, धोतराचा सोगा रहाटात कसा अडकला. मग तळातून: वर आभाळाचा भाकरीएवढा तुकडा आणि त्यात एकेक डोकं कसं येतंय. तिसऱ्यांदा मामींच्या बाजूनं: त्या भाकरी थापत होत्या, पोरगं पळत आलं, त्यांनी आधी तव्यावरची भाकरी उलटली आणि मग त्या किंचाळल्या. मामी आतून ओरडत, "उलटली न्हवती, तशीच टाकून आले!" पन्नास वर्षं या एका भाकरीवर एकमत झालं नाही. मामांना बारसं सांगा, बारावीचा निकाल सांगा, ते तीन वाक्यांत विहिरीच्या काठावर येत. आम्ही हसायचो. मामा मग काही न बोलता धोतर गुडघ्यापर्यंत वर करत आणि वाकडी बसलेली नडगी दाखवत. म्हणजे त्या दिवशीचा खेळ संपला.

बढाई मारणारा माणूस एकदाच सांगतो आणि पुढं सरकतो. तीनदा तोच सांगतो, ज्याला तुमच्या चेहऱ्यावर खात्री दिसलेली नसते. जॅकी सिनेमाच्या शेवटी नावांच्या पाट्यांबरोबर फसलेल्या उड्या दाखवतो, स्ट्रेचर दाखवतो. ती त्याची नडगी.

आता 'पोलीस स्टोरी'. १९८५ चा सिनेमा, पण आमच्या गल्लीत तो एकोणनव्वदच्या गणपतीत आला. मंडळानं टीव्ही-व्हीसीआर भाड्यानं आणला होता. रात्रीत तीन कॅसेटी, हा दुसरा. शेवटची मारामारी एका मोठ्या दुकानसंकुलात आहे. तिथं इतक्या काचा फुटतात, की त्याच्या स्टंटवाल्यांनी सिनेमाचं नाव 'ग्लास स्टोरी' ठेवलं होतं. आणि मग तो क्षण. जॅकी वरच्या मजल्याच्या कठड्यावरून उडी मारतो, दिव्यांच्या माळा गुंडाळलेला उंच खांब पकडतो आणि दिवे फोडत, ठिणग्या उडवत सरसर खाली येऊन काचेच्या छतातून आत कोसळतो.

गल्ली ओरडली. शिट्ट्या झाल्या. आणि मागून आवाज आला, "परत लाव."

बाबा होते. लाइनमन, दुसऱ्या पाळीवरून आलेले, खाकी शर्टातच. कॅसेट मागं घेतली. ते टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन वाकून उभे राहिले. परत खांब, परत ठिणग्या. "दिव्यांना करंट कुठनं घेतलाय?" त्यांनी विचारलं. कुणाला विचारलं कुणास ठाऊक. गल्ली खो-खो हसली. "आणि हातमोजे न्हाईत," एवढं म्हणून ते जेवायला घरी गेले. मी चौदा वर्षांचा होतो. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं होतं.

खूप वर्षांनी, तज्ज्ञ वगैरे झाल्यावर वाचलं. दिव्यांच्या उष्णतेनं जॅकीच्या हातांची कातडी भाजून निघाली होती. पाठीला आणि कमरेलाही मार बसला होता. आणि दिवे म्हणे कमी दाबाच्या बॅटरीवर चालवायचं ठरलं होतं, पण ऐन वेळी ते इमारतीच्या लाइनीवरच जोडले गेले. माझ्या ओळखीत त्या दृश्यातला नेमका प्रश्न विचारणारा माणूस एकच होता, आणि त्याला आम्ही हसलो होतो.

बाबांच्या उजव्या तळहातावर, करंगळीच्या खाली, एक पांढरा गुळगुळीत डाग आहे. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्या बाबांना असतो. रबरी हातमोजे रजिस्टरमध्ये होते, आणि रजिस्टर कपाटात होतं. वळवाच्या पावसात तारा तुटल्या की ते भिजत खांबावर चढायचे. तास-दोन तासांनी दिवे लागायचे आणि गावभर पोरं ओरडायची, "आली रे आली!" त्या ओरडण्यात माझा आवाज सगळ्यात मोठा असे. लाइट आपोआप येते, असंच मला वाटायचं. खांबावर कोण आहे, हे ठाऊक असूनही.

म्हणून असेल, पण सिनेमाच्या शेवटी स्टंटवाल्यांची नावं मुंग्यांसारखी पळायला लागली आणि कुणी टीव्ही बंद केला, की मी कारण नसताना चिडतो. ऑस्कर १९२९ पासून देतात. स्टंटसाठी वेगळं ऑस्कर द्यायचं ठरलं २०२५ साली, तेही २०२७ मध्ये येणाऱ्या सिनेमांपासून. रंगभूषा आणि केशरचनेचं कधीचंच सुरू आहे. केसांना न्याय मिळाला, कवटी रांगेत राहिली.

असो. गेल्या महिन्यातलं सांगतो.

एका मित्राकडे जॅकी फाटकावरून कसा चढतो, यावर दीड तास बोलून रात्री बारा वाजून गेल्यावर मी परतलो. सोसायटीच्या फाटकाला कुलूप, वॉचमनकाका झोपलेले. हाक मारणं सहज शक्य होतं. पण तासभरापूर्वीच मी "फाटक म्हणजे फक्त दोन पावलांचा प्रश्न" असं म्हणालो होतो. पहिलं पाऊल उत्तम पडलं. दुसऱ्या पावलाला पट्टा वरच्या भाल्यात अडकला आणि मी राहिलो. कंबर वर, पाय खाली, डोकं त्याहून खाली. माझ्याच कसोटीनं बघणारा म्हणाला असता, तार आहे. वॉचमनकाका उठले, त्यांनी आधी बॅटरी मारली आणि शांतपणे विचारलं, "कोणाकडे जायचंय?" मग पट्टा सुटला.

सोसायटीत दोन कॅमेरे आहेत. सकाळपर्यंत कुणाच्या तरी कार्ट्यानं दोन्हींतलं चित्रण जोडून, समोरून आणि बाजूनं, तीनदा, ग्रुपवर टाकलं होतं. खाली भाच्यानं विचारलं होतं, "व्हीएफएक्स?" मी कमरेला शेक घेत, एका बोटानं टाइप केलं, "नाही, खरं आहे."

बाबांना दाखवायचं नाही असं घरात ठरलं होतं. ते आता एक्क्याऐंशीचे आहेत. भाच्यानं अर्थातच दाखवलं. बाबांनी चष्मा लावला, फोन डोळ्यांजवळ नेला. हसले नाहीत. संपल्यावर म्हणाले, "डावा हात आधी सोडलास. खालच्या पायाला आधार मिळाल्याबिगर वरचा हात सोडायचा नसतो." मग माझा हात ओढून तळवा उताणा केला, खरचटलेल्या जागेवरून अंगठा फिरवला, आणि फोन भाच्यापुढे धरला.

"परत लाव."