आबांचा नंबर

गोरेगावचा आहे म्हटलं की मुंबईकडचा माणूस हमखास विचारतो, “ईस्ट का वेस्ट?” आमच्या गोरेगावला ईस्ट-वेस्ट नाही. ते हिंगोली जिल्ह्यात, सेनगाव तालुक्यात आहे. मुंबईच्या गोरेगावात चित्रनगरी आहे. तिथं हिरोच्या डोक्यावर जे उगवतं, ते दोन-चार महिन्यांत आमच्या पोरांच्या डोक्यावर येतं. फरक एवढाच, की तिथं केस कसे ठेवायचे ते दिग्दर्शक ठरवतो. आमच्याकडं आबा ठरवतात.

आबा हे नाव नव्हे, पद आहे. मराठवाड्यातल्या कुठल्याही सलूनमध्ये जा. दोन खुर्च्या, एक लांबलचक आरसा, भिंतीवर संत सेना महाराजांची तसबीर आणि बाकड्याच्या कोपऱ्यात एक आबा, एवढं सामान असल्याशिवाय दुकान पुरतं लागतच नाही. आबांना कटिंग करायची नसते. करायला डोक्यावर काही उरलेलंही नसतं. टोपी काढली की आरशात दुसरा बल्ब लागल्यासारखं होतं. तरी सकाळी शटर वर जायच्या आत आबा पायरीवर हजर. नवखा माणूस भाबडेपणानं विचारतो, “आबा, तुमचा नंबर आहे का?” आबा उदारपणे हात हलवतात. “होऊ द्या तुमचं. मला काही घाई नाही.”

ही घाई त्यांना कधीपासून नाही, ते तेच सांगतात. “१ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा झाला. त्याच्या आधी हे बाकडं परभणी जिल्ह्यात होतं. जिल्हा बदलला, पण मी उठलो नाही.”

गळ्याभोवती कपडा आवळला की माणसाची सत्ता संपते. हात कपड्याखाली, चष्मा आरशापुढं, मान दुसऱ्याच्या ताब्यात. नाकाच्या शेंड्यावर एक केस येऊन बसतो आणि तो हाकलायला आपल्याजवळ फक्त खालचा ओठ उरतो. अशा वेळी कारागीर अदबीनं विचारतो, “कसं करू, सर?” मी तोंड उघडतो आणि माझ्या मागून आवाज येतो, “बारीक कर.”

आबांचा निकाल कायम हाच असतो. कारण तेवढं ऋतूप्रमाणं बदलतं. चैत्रात “ऊन लई आहे, बारीक कर.” आषाढात “भिजले की सर्दी होती, बारीक कर.” लग्नसराईत “फोटो निघायलेत, बारीक कर.” सतरा वर्षांचं पोरगं मोबाइलमधला फोटो दाखवून कानावर मशीन, वर झुपका अशी मागणी करतं, तेव्हा आबा मोबाइल हातात घेतात, लांब धरतात, जवळ आणतात आणि विचारतात, “हे काहून असं? कटिंग अर्धी सोडून पळालं का हे?”

लहान पोराला खुर्चीच्या हातांवर आडवी फळी टाकून बसवलं आणि त्यानं भोकाड पसरलं, की आबांमधला कारभारी जागा होतो. “ते बघ माकड,” म्हणून ते रस्त्याकडं बोट करतात. पोरगं त्या बोटाकडं वळतं, कात्री चुकते आणि एका कानावर पायरी पडते. ती बुजवायला दुसऱ्या कानावर पायरी पाडावी लागते. आबा समाधानानं म्हणतात, “आता बरोबर झालं.”

हळदीचा भाव निघाला तर मात्र डोकं ज्याचं त्यानं सांभाळावं. कारागिराच्याही घरी दोन एकर आहे. हिंगोलीच्या बाजारात भाव उतरल्याचं आबांनी वाचून दाखवलं की त्याची कात्री मंद होते, चढल्याचं सांगितलं की सपासप चालते. माझे केस नीट कापले गेलेत ते भाव स्थिर असताना.

एकदा वस्तरा माझ्या मानेवर असताना आबांनी तसबिरीकडं बघून विषय काढला. “आपल्या नर्सीचे नामदेव महाराज शिंपी. हे सेना महाराज नाभिक. दोघांची पदं शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात आहेत. नामदेवांची एकसष्ट, सेनांचं एक. एकानं कापड कापलं, एकानं केस कापले, अन् दोघं पार पंजाबात पोचले. तू सेनगावाला जायला कंटाळतोस.”

वस्तरा थांबला. “पण आबा, सरदारजी तर केसच कापत नाहीत की.”

“म्हणून तर!” आबा म्हणाले. “ज्यांना कात्रीची गरज नाही, त्यांनीही ज्याला जवळ केलं, तो खरा कारागीर.”

दुकान गप्प झालं. मीही गप्प होतो, कारण वस्तरा अजून मानेवरच होता. त्या दिवशी माझे कल्ले खालीवर झाले, पण तक्रार करायचं मनात आलं नाही.

मग २०२० चा मार्च आला आणि शटर खाली गेलं. गावातली डोकी आबांच्या धाकातून सुटली आणि वाटेल तशी वाढली. घरोघर बायकांनी शिवणाच्या कात्र्या काढल्या. जूनच्या अखेरीस सलून उघडायची परवानगी आली, तीही अर्धी: कटिंग चालेल, दाढी नाही. आधी वेळ घेऊन यायचं, गर्दी करायची नाही. कारागिरानं बाकडं उलटं करून भिंतीला लावून ठेवलं.

मी ठरल्या वेळी गेलो. सॅनिटायझर चोळलं, खुर्चीत बसलो. कपडा आवळला गेला. मास्कमधून प्रश्न आला, “कसं करू, सर?”

मी तोंड उघडलं आणि माझ्या ध्यानात आलं, की मला काहीच सांगायचं नाही. या प्रश्नाचं उत्तर इतक्या वर्षांत मी एकदाही दिलं नव्हतं. कारागीर कात्री हातात धरून उभा. त्यानं आरशात मागं पाहिलं, मीही पाहिलं. उलट्या बाकड्याचे चार पाय तेवढे आमच्याकडं बघत होते.

एवढ्यात रस्त्यापलीकडून, बंद पानटपरीच्या फळीवरून, गमछ्याआडचा आवाज आला,

“अरे, तोंड तर झाकूनच आहे त्यांचं. डोकं तरी दिसू दे. बारीक कर!”

कात्री सपासप सुरू झाली.