पाट्या संपेपर्यंत

आमच्या लोकमान्यनगरात मला सिनेमातलं कळतं असा एक समज आहे. तो मी पसरवलेला नाही. पण खोडून काढायची घाईही कधी केली नाही. त्याचा पाया एवढाच, की पिक्चर संपून दिवे लागले आणि मंडळी पार्किंगकडे धावली, तरी मी खुर्चीत बसून पडद्यावरच्या पाट्या वाचत राहतो. झाडूवाला पोरगा "अंकल, पैर" म्हणतो. मी पाय वर घेतो, पण नजर हलू देत नाही. दारातून वळून बघणाऱ्यांना वाटतं, हा संकलक कोण, ध्वनी कोणाचा, ते बघतोय. मी बघत असतो, इंदूरचं कुणी आहे का.

हा रोग माझ्या एकट्याचा नाही, अख्ख्या गावाचा आहे. लताबाई १९२९ साली इथल्या शीख मोहल्ल्यात जन्मल्या, तेव्हापासून गाणं आमचं. जॉनी वॉकर इथला, म्हणून विनोद आमचा. सलीम खान इथले, म्हणजे 'शोले' अर्धा आमचा. उरलेला अर्धा जावेद अख्तरांनी घ्यावा, आमची हरकत नाही. सलमानचाही जन्म इंदूरचाच, पण त्याचा अभिमान पिक्चर बघून बाळगायचा की न बघता, यावर गावात एकमत नाही. किशोरकुमार खंडव्याचा खरा, पण क्रिश्चियन कॉलेजात शिकला, म्हणून त्यालाही आम्ही ओढून घेतलाय. खंडव्याचे लोक अजून रागावतात.

खरी पंचाईत होते ती 'बैजू बावरा'त. शेवटच्या जुगलबंदीत तानसेनासाठी आवाज अमीर खाँसाहेबांचा, म्हणजे आमच्या इंदूरचा. आणि बैजूसाठी डी. व्ही. पलुस्करांचा, म्हणजे मराठी माणसाचा. बैजू जिंकतो. आता इंदूरच्या मराठी माणसानं तिथं टाळी वाजवायची की हळहळायचं? आमच्या घरी हा प्रश्न १९५२ पासून पडून आहे. आजोबा म्हणे टाळी वाजवून मग हळहळायचे. स्वानंद किरकिरेंनी हा पेच निदान आमच्या पिढीपुरता सोडवला. माणूस इंदूरचा आणि मराठीही, शिवाय 'चुंबक'मधल्या कामाला राष्ट्रीय पुरस्कार. एका माणसात दोन्ही अभिमान बसतात, बरं पडतं.

तर हा असा समीक्षक २०२५ च्या फेब्रुवारीत संभाजी महाराजांवरचा 'छावा' बघायला गेला. आमच्या मध्य प्रदेश सरकारनं तो करमुक्त केला होता, त्यामुळे गर्दी दांडगी. माझं मत मी मध्यंतरातच सामोसा खाता खाता दिलं होतं: विकी कौशल जीव तोडून काम करतो, पण दिग्दर्शकानं त्याला अखंड ओरडायला लावलंय, आणि अक्षय खन्नाचा औरंगजेब इतका हळू बोलतो, की कान आपोआप त्याच्याकडेच जातात. शेवटच्या छळाच्या प्रसंगात मात्र माझाही घसा दाटला. बाहेर आल्यावर मी एसीला दोष दिला.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. पिक्चरच्या सुरुवातीलाच मराठी फौज बऱ्हाणपूर लुटते. बऱ्हाणपूर! मी खुर्चीत सरळ झालो. बायकोचं आजोळ तिथलं. "तुझ्या मामांचं गाव," मी तिला कोपर मारलं. ती म्हणाली, "दिसतंय मला." मामांचं घर दिसेल म्हणून मी पडदा बारकाईनं पाहिला, नाही दिसलं.

पुढं मार्चमध्ये बातमी आली. पिक्चर बघून कुणाच्या तरी डोक्यात आलं, की मोगलांचं सोनं असीरगडाच्या पायथ्याशी पुरलेलं असणार, आणि बऱ्हाणपूर जिल्ह्यातली माणसं रात्री टॉर्च घेऊन शेतं खणायला लागली. कुणी चाळण्या आणल्या, कुणी धातू शोधायची यंत्रं. मी तातडीनं मामांना फोन लावला.

"मामा, तुम्ही नाही ना गेलात?"

"छे रे, मी आपला बघायला गेलो होतो."

"मग तुमचा आवाज का बसलाय?"

"धूळ फार उडत होती," मामा म्हणाले. जरा थांबून त्यांनी विचारलं, "पिक्चरमध्ये जागा नीट दाखवलीय का? तू बारकाईनं बघतोस म्हणून विचारतो."

समीक्षक म्हणून माझा इतका सन्मान आजवर कुणी केला नव्हता.

मी तेव्हापासून विचार करतोय. आपण चांगल्या सिनेमाबद्दल म्हणतो, की तो मनात घर करतो, माणूस बदलतो वगैरे. पण सिनेमा बघून कुदळ उचलणारा प्रेक्षक कुठल्या दिग्दर्शकाला मिळाला आहे? 'सैराट' बघून लोक थिएटरात नाचले. खणायला कुणी गेलं नाही. 'श्यामची आई' बघून महाराष्ट्र रडला. दुसऱ्या दिवशी कुणी आईचं ऐकायला लागलं, असं ऐकिवात नाही. आणि विरोधाभास बघा. ज्या राजासाठी हॉलमध्ये हुंदके दिले, त्याच्या शत्रूचं सोनं शोधायला त्याच डोळ्यांनी रात्र जागवली. हसू येतं खरं. पण तो केळीचा पट्टा आहे. भाव पडला की घड शेतात सडताना मी पाहिलेत. अशा माणसाला मातीत याहून काही चांगलं सापडेल असं वाटलं, तर त्याला पिक्चरनं वेड लावलं म्हणणं फार सोपं आहे. ज्याचं शेत होतं त्याला खड्डे मिळाले. बऱ्हाणपूरचं सोनं माझ्या माहितीत एकच, मावा जिलेबी. ती खणावी लागत नाही, मामा पाठवतात.

बाकीचं भराभर सांगतो. 'लापता लेडीज' सीहोर भागात चित्रित झालाय. सीहोर म्हणजे आमच्यासाठी शरबती गहू आणि भोपाळच्या बसमध्ये झोपमोड होते ते गाव. तिथं एवढा देखणा सिनेमा होऊ शकतो, हे किरण रावांना दिसलं आणि आम्हाला खिडकीतून दिसलं नाही. स्टेशनावर चहाचा गाडा चालवणाऱ्या छाया कदम यांनी तर अर्धा पिक्चर खिशात घातलाय. 'वाळवी' उशिरा घरी टीव्हीवर पाहिला. नवराबायकोच्या संसारातला खून इतका हसत-खेळत दाखवून परेश मोकाशींनी शेवटी उपदेशाचा एक शब्द काढला नाही, यासाठीच त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला असावा असं माझं मत आहे. पिक्चर संपल्यावर बायकोनं दिलेलं दूध मी तिला आधी चाखायला लावलं.

'साबर बोंडं' बघायला पुणं गाठावं लागलं. म्हणजे गेलो होतो लग्नाला, रिसेप्शन बुडवून पिक्चर गाठला. सनडान्स महोत्सवात पारितोषिक मिळालेला पहिला मराठी सिनेमा, त्यामुळे मी भारदस्त मतं आधीच तयार ठेवली होती. बाप गेल्यावर दहा दिवसांसाठी गावी आलेला मुलगा, भोवती "लग्न कधी करतोस" विचारणारे नातेवाईक, लहानपणचा मित्र, आणि सगळं कळूनही गवगवा न करणारी आई. मुलाला आणि मित्राला एकमेकांची ओढ आहे, एवढीच गोष्ट, आणि ती कुठेही आवाज चढवत नाही. माझी एकही भारदस्त ओळ उपयोगी पडली नाही. बाबा गेले तेव्हा सुतकात आमच्या घरीही माणसांचा राबता होता, पण आई जेवली का, हे विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं. मलासुद्धा.

पुण्यात तरी बघायला मिळाला. इंदुरात मराठी सिनेमा पाहुण्यासारखा येतो आणि चहा व्हायच्या आत निघतो. सानंद संस्थेच्या नाटकांना आमची मंडळी सभासद होऊन गर्दी करतात, जागेवरून भांडतात, दोन तासांच्या नाटकानंतर पार्किंगमध्ये तीन तास त्यावर बोलतात. तीच मंडळी मराठी पिक्चरला म्हणतात, "येईल की मोबाईलवर." मग मल्टिप्लेक्सवाला रात्री दहाचा एकच शो ठेवतो आणि खिडकीवरचा पोरगा सांगतो, "सर, छह टिकट बिके हैं, चलेगा तो मैसेज आ जाएगा." राग कुणावर काढायचा? त्या पोराला मराठी येत नाही आणि ज्यांना येतं ते घरी जेवत असतात.

'दशावतार' लागला तेव्हा ऐंशी ओलांडलेल्या माझ्या आत्यानं हट्ट धरला. दिलीप प्रभावळकर तिच्या बरोबरीचे; तिच्या लेखी ते अजून मालिकेतले टिपऱ्यांचे आबाच. रात्री दहाला तिला शालीत गुंडाळून घेऊन गेलो. पिक्चर कोकणातला, बोली मालवणी. होळकरांच्या राज्यात वाढलेलं आमचं मराठी तिथं गडबडलं. मी मालवणी ऐकत होतो, खालच्या इंग्रजी पाट्या वाचत होतो आणि आत्याच्या कानात आमच्या मराठीत सांगत होतो, अधूनमधून दिग्दर्शनावर टिप्पणीही. पडद्यावर नजर अधू झालेला म्हातारा नट तोंडाला रंग लावत होता, एक्याऐंशी वर्षांचे प्रभावळकर पाठ ताठ करून उभे राहत होते, आणि आत्या म्हणाली, "अरे, गप्प बस की. मला कळतंय."

मग मी गप्प बसलो. उत्तरार्धात खाणमालक आणि सूड आल्यावर पिक्चर जरा ठोकळेबाज होतो, हे माझं मत कायम आहे, पण ते आत्याला सांगायची हिंमत झाली नाही. ती सरळ बसून होती. गाडीत तिनं एवढंच विचारलं, "उद्या परत असतो का रे?"

सोमवारी तो उतरला होता.

तेव्हा इंदूरकर मंडळींना विनंती, मराठी पिक्चर लागला की शुक्रवारीच जा, घरातल्या म्हाताऱ्यांना बरोबर न्या, आणि जाण्याआधी माझं मत विचारायला थांबू नका. माझा भाचा ते तसंही उलटं धरूनच तिकिटं काढतो आणि आजवर एकदाही फसलेला नाही.